पावलांचा भार : पादचारी पुलांविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शहरातून वाहणाऱ्या नदीवर केवळ पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पूल असावा का, असा प्रश्न गेल्या अंकात या सदरातून वाचकांपुढे ठेवला होता. त्यावर बडोद्यातून आणि बाहेरगावांहूनही पत्रे आली. ज्या पत्रांचा रोख एकच होता ती एकत्र करून त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांत आकडे बरेच आले आहेत, कारण आकड्यांवाचून पुलाची चर्चा नुसत्या भीतीची किंवा नुसत्या कौतुकाची होऊन बसते.

प्रश्न : माझा मुलगा लंडनला असतो. त्याच्याकडे गेलो असताना सेंट पॉल कॅथीड्रलकडून थेम्स नदी ओलांडणाऱ्या मिलेनियम पुलावरून आम्ही उभयता चालत गेलो. पूल अगदी स्थिर वाटला. परंतु उद्घाटनानंतर तो इतका हलू लागला की बंद करावा लागला, असे मुलाने सांगितले. इतक्या नामवंत मंडळींनी बांधलेला पूल हलला कसा आणि पुढे तो स्थिर केला कसा? (एक ज्येष्ठ वाचक, दांडिया बाजार)

आपल्या मुलाने सांगितले ते खरे आहे. हा पूल १० जून २००० रोजी लोकांसाठी खुला झाला आणि १२ जूनला बंद करण्यात आला. अरूप ही अभियंत्यांची संस्था, नॉर्मन फॉस्टर यांची वास्तुरचना संस्था आणि शिल्पकार अँथनी कॅरो यांनी मिळून त्याची आखणी केली होती. मध्य लंडनमध्ये शंभराहून अधिक वर्षांनी थेम्सवर नव्या जागी पूल होत होता, त्यामुळे पहिल्याच दिवशी ऐंशी हजार ते एक लाख लोक त्यावरून गेले असावेत, असा अंदाज केला जातो.

पूल का हलला हे समजण्यासाठी आधी त्याची बांधणी पाहावी लागते. नेहमीच्या झुलत्या पुलाला उंच मनोरे असतात आणि त्यांवरून दोर खोल झोल घेत खाली येतात. कॅथीड्रलचा घुमट दोन्ही तीरांवरून निर्वेध दिसावा म्हणून मिलेनियम पुलाच्या रचनाकारांनी हे उंच मनोरे टाळले आणि दोर जवळजवळ आडवे ताणले. पुलाचे तीन गाळे, म्हणजे दोन आधारांमधले भाग, ८१, १४४ आणि १०८ मीटरचे आहेत. त्यांतल्या मधल्या, सर्वांत लांब गाळ्यात दोरांचा झोल अवघा २.३ मीटर आहे. प्रत्येक बाजूला चार याप्रमाणे १२० मिलिमीटर जाडीचे आठ दोर, त्यांना जोडणारे दर आठ मीटरवरचे आडवे बाहू आणि त्या बाहूंवर चार मीटर रुंदीचा डेक, म्हणजे चालण्याचा पृष्ठभाग, अशी ही रचना आहे. इतक्या कमी झोलाने भार पेलायचा म्हणजे दोरांत फार मोठा ताण ठेवावा लागतो, आणि या पुलाच्या दोरांत तो एकूण सव्वादोन हजार टनांच्या आसपास आहे.

भार पेलण्यात हा पूल कोठेही कमी नव्हता. त्या दिवशी एका वेळी जास्तीत जास्त दोन हजारांच्या आसपास माणसे पुलावर होती. माणशी सत्तर किलो धरले तरी त्यांचे वजन दीडशे टनांच्या आत राहते, आणि त्याच्या कितीतरी पट वजन तो सहज पेलू शकत होता. खरी अडचण आडव्या रेट्यामुळे आली. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन पावले टाकतो आणि प्रत्येक पावलाचा जोर खाली पडतो, हे आपल्या परिचयाचे आहे. मात्र डावे पाऊल टेकताना शरीर किंचित एका बाजूला कलते, उजवे टेकताना दुसऱ्या बाजूला, आणि तोल सावरण्यासाठी आपण नकळत जमिनीला बाजूनेही रेटतो. हा रेटा उभ्या जोराच्या एक दशांशाएवढाच असतो, परंतु डावे आणि उजवे मिळून त्याचे एक आवर्तन होत असल्यामुळे त्याची गती सेकंदाला एक आवर्तन अशी येते. मिलेनियम पुलाच्या मधल्या गाळ्याची आडवे डोलण्याची स्वाभाविक गती सेकंदाला अर्धे आणि एक आवर्तन यांच्या जवळ होती आणि दक्षिणेकडील गाळ्याची ०.८ आवर्तनाजवळ होती. म्हणजे चालणाऱ्यांचा रेटा ज्या गतीने येत होता, जवळपास त्याच गतीने डोलणारा पूल त्याच्याखाली होता.

याहून महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. पायांखालचा डेक थोडासा बाजूला सरकू लागला की माणूस पाय जरा फाकवून, डेकच्या हालचालीप्रमाणे आपला तोल जुळवत चालू लागतो. असे चालताना त्याच्या पावलांचा रेटा नेमका त्या हालचालीच्या दिशेने पडतो आणि तिला बळ देतो. डोल वाढला की आणखी माणसे तशीच चालू लागतात. त्या दिवशी मधल्या गाळ्यात डेक आपल्या जागेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ७० मिलिमीटरपर्यंत सरकत होता आणि कित्येक लोक कठडा धरून थांबत होते. लोक थांबले की डोल विरत असे.

पूल बंद केल्यावर अभियंत्यांनी त्यावर माणसांनाच चालवून प्रयोग केले. उत्तरेकडील गाळ्यावर चालणाऱ्यांची संख्या हळूहळू वाढवत नेली. दीडशे माणसांपर्यंत पूल जवळजवळ शांत होता. संख्या १६० च्या पुढे जाताच डोल एकाएकी वाढत गेला. या प्रयोगाला मी फार महत्त्व देतो, कारण थोड्या माणसांच्या चाचणीत निर्दोष ठरलेला पूल त्याहून थोडी अधिक माणसे आल्यावर अगदी वेगळा वागू शकतो, हे त्याने दाखवून दिले. सर्वांची पावले एका तालात पडू लागल्यामुळे पूल हलतो, असे पुष्कळ वर्षे सांगितले जात असे. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की असा ताल जमण्याची गरजच नसते, प्रत्येकाने स्वतंत्रपणे आपला तोल सावरला तरी त्या सर्वांचा मिळून होणारा परिणाम डोल सुरू करण्यास पुरेसा असतो. ताल जमतो तो बहुधा नंतर.

डोल थांबवण्याचे दोन मार्ग होते. पहिला पूल अधिक ताठ करण्याचा. परंतु वजन तेवढेच ठेवून डोलण्याची गती तिप्पट करायची तर ताठरपणा नऊपट करावा लागतो, आणि तेवढे पोलाद घातल्यावर मूळ रचनेचे काहीच उरले नसते. म्हणून दुसरा मार्ग निवडला, तो डोलातील ऊर्जा शोषून घेण्याचा. डेकच्या खाली आणि खांबांपाशी द्रवाने भरलेले ३७ डॅम्पर बसवले. पूल बाजूला सरकू लागला की यांतील दट्ट्या द्रवातून ढकलला जातो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. उभ्या कंपनासाठी स्प्रिंगांवर तोललेली ५२ वजने निराळी बसवली. या कामाला सुमारे ५० लाख पौंड लागले. पूल बांधण्याचा मूळ खर्च १ कोटी ८० लाख पौंडांच्या घरात होता. जानेवारी २००२ च्या अखेरीस दोन हजार माणसांना पुलावर चालवून चाचणी घेतली आणि २२ फेब्रुवारी २००२ रोजी पूल पुन्हा खुला झाला. आपण चालत गेलात तेव्हा हे डॅम्पर आपल्या पायांखाली काम करत होते.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. असा अनुभव जगात पहिल्यांदा येत नव्हता. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड बंदरावरच्या मोठ्या पुलावर १९७५ मध्ये मोर्चाखाली आडवा डोल दिसला होता, जपानी अभियंत्यांनी अशाच एका पादचारी पुलाचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला होता, आणि पॅरिसमधील सोल्फेरिनो पादचारी पूलही १९९९ मध्ये याच कारणाने बंद करावा लागला होता. माहिती उपलब्ध होती, पण रोजच्या वापरातल्या नियमपुस्तकांपर्यंत ती पोहोचली नव्हती. आज युरोपातील नियमांप्रमाणे पादचारी पुलाची आडवी गती सेकंदाला अडीच आवर्तनांपेक्षा किंवा उभी गती पाच आवर्तनांपेक्षा कमी असेल, तर चालणाऱ्यांमुळे होणाऱ्या कंपनाची वेगळी तपासणी करावीच लागते.

प्रश्न : पुलावरून जाताना सैनिकांना कवायतीची पावले मोडून चालण्याचा हुकूम दिला जातो, असे शाळेत शिकवले होते. हे खरोखर घडलेल्या घटनेवरून आहे का? (तंत्रज्ञान शाखेचा एक विद्यार्थी, फतेगंज)

होय. १२ एप्रिल १८३१ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन येथील झुलता पूल सत्तरच्या वर सैनिक पावले जुळवून जात असताना कोसळला. कोणी दगावले नाही, पण अनेक जण जखमी झाले आणि त्यानंतर पुलावर पावले मोडण्याची पद्धत ब्रिटिश सैन्यात रुळली. १६ एप्रिल १८५० रोजी फ्रान्समधील आँजे शहरात मात्र वादळी वाऱ्यात बटालियन जात असताना झुलता पूल तुटला आणि दोनशेहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. तेथे पावले मोडण्याचा हुकूम दिलेला होता. तरीही वाऱ्याने डोलणाऱ्या पुलावर तोल सावरताना सैनिकांची पावले डोलाशी जुळली असावीत. परंतु अभियंत्याने त्या घटनेतून घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. चौकशीत असे दिसले, की दोरांच्या तारा जेथे जमिनीतील अँकरमध्ये पुरल्या होत्या तेथे पाणी शिरून त्या गंजल्या होत्या. पूल डोलला हे निमित्त झाले. तुटला तो ज्या जागी कोणी पाहू शकत नव्हते त्या जागी. ब्रॉटनलाही एका बोल्टातला दोष पुढे आला होता. एखादा पूल पडला की लोक बहुधा पावलांची गोष्ट लक्षात ठेवतात आणि बोल्टाची विसरतात, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : मोरबीच्या दुर्घटनेपासून आमच्या घरात कोणी झुलत्या पुलावर पाय ठेवायला तयार नसते. गेल्या वर्षी कुंडमळ्याची बातमी वाचली आणि भीती आणखी वाढली. पादचारी पूल मुळातच कमकुवत बांधले जातात का? (एक गृहिणी, वारसिया)

आपली भीती समजण्यासारखी आहे, आणि तिचे उत्तर कोरड्या दिलाशाने देता येणार नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा मच्छू नदीवरील झुलता पूल तुटला आणि १३५ जणांचे प्राण गेले. दिवाळीच्या सुट्टीत, गुजराती नववर्षाच्या दिवशी, दुरुस्तीनंतर तो पुन्हा खुला केला होता आणि त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालाप्रमाणे मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि पूल पडण्याआधीच त्या तुटल्या असाव्यात. दुरुस्तीत जुन्या लोंबत्या सळयांना नव्या सळया वेल्डिंगने जोडल्या गेल्या आणि लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचा डेक बसवला गेला. खुला करण्यापूर्वी भारचाचणी झाली नव्हती.

आता आकड्यांकडे पाहू. हा पूल सुमारे २३० मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद होता, म्हणजे चालण्याची जागा २९० चौरस मीटरच्या आसपास होते. पडताना त्यावर तीनशेच्या सुमारास माणसे होती. सरासरीने हे चौरस मीटरला एक माणूस, म्हणजे सत्तर किलो झाले. गर्दी एखाद्या जागी अधिक दाटली असली तरी फार मोठा फरक पडत नाही. आपल्याकडील इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पुलावरील पदपथ चौरस मीटरला ४०० किलो भारासाठी, आणि जेथे यात्रा, मेळे किंवा शहरी गर्दी अपेक्षित असेल तेथे ५०० किलो भारासाठी आखावा लागतो. पाचशे किलो म्हणजे एका चौरस मीटरवर सात माणसे, जेथे खांद्याला खांदा भिडतो आणि पाऊल पुढे टाकणे कठीण होते. तेव्हा नव्या मानकांनुसार बांधलेल्या आणि नीट राखलेल्या पुलाला मोरबीच्या त्या दिवसाची गर्दी हा फार मोठा भार नव्हे.

पुष्कळांना वाटते की मोटारींचा पूल मजबूत आणि माणसांचा हलका. वस्तुस्थिती पाहता, दीड टनाची मोटार एकापाठोपाठ एक उभी केली तर प्रत्येक मोटार पाच मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद पट्टी अडवते आणि चौरस मीटरला नव्वद किलोही भार पडत नाही. मालट्रकची गोष्ट वेगळी. परंतु नुसत्या मोटारींच्या तुलनेत दाटलेली माणसे पाचपटीहून अधिक जड असतात. म्हणूनच पादचारी पुलाची आखणी करताना ‘यावरून फक्त माणसे जाणार’ असे म्हणून हात आखडता घेणे मला अक्षम्य वाटते.

कुंडमळ्याची घटना या दृष्टीने पाहावी. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. परंतु रविवारच्या दुपारी नदीचे फेसाळते पाणी पाहायला आलेल्या लोकांना फलक थांबवत नाही. धोकादायक ठरलेला पूल दोन्ही टोकांना भिंत किंवा कुलूपबंद दार घालून बंदच करावा लागतो.

तेव्हा पुलावर जावे की नाही हे ठरवताना तो झुलता आहे की खांबांवर आहे, हे पाहू नका. किती माणसांना एका वेळी प्रवेश आहे हे लिहिलेले आहे का आणि दाराशी कोणी ते मोजते का, हे पाहा. मोरबीनंतर अहमदाबाद महापालिकेने साबरमतीवरील अटल पुलावर तासाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली. पूल त्याहून पुष्कळ अधिक माणसांसाठी आखलेला असूनही घातली, आणि ते योग्यच झाले.

प्रश्न : अटल पुलावर मध्यभागी काचेची फरशी पाहिली. फार आवडली. बडोद्यालाही अशी असावी का? (एक वाचक, मांजलपूर)

२७ ऑगस्ट २०२२ रोजी खुला झालेला अटल पूल तीनशे मीटर लांब आणि दहा ते चौदा मीटर रुंद आहे. एवढ्या रुंदीत काचेचा भाग टाळून जाण्यास भरपूर वाव राहतो, हे तेथे जमेचे आहे. केवळ काचेवरूनच चालावे लागेल अशा पुलांचा अनुभव मात्र चांगला नाही. वास्तुरचनाकार सान्तियागो कालात्रावा यांनी स्पेनमधील बिलबाओ शहरात बांधलेला झुबिझुरी पूल १९९७ मध्ये खुला झाला. पावसात त्याच्या काचेवरून लोक घसरू लागले आणि अखेरीस पालिकेने काचेवर घसरण रोखणारी जाड चटई अंथरली. कालात्रावा यांनीच आखलेल्या आणि २००८ मध्ये खुल्या झालेल्या व्हेनिसच्या पुलाच्या काचेच्या पायऱ्यांवरही लोक पडत राहिले, आणि तेथील पालिकेने काचेऐवजी दगड बसवण्याचा निर्णय घेतला. जून ते सप्टेंबर येथे पाऊस, चपलांना चिकटून येणारी माती आणि त्यात गर्दी, हे सारे लक्षात घेता माझे मत काचेच्या विरुद्ध आहे. खरखरीत काँक्रीट, किंवा बारीक खाचा असलेली ॲल्युमिनियमची पट्टी बरी.

प्रश्न : रावपुऱ्याहून स्टेशनकडे पायी जाताना काळ्या घोड्याजवळ विश्वामित्री नदी ओलांडावी लागते. वाहनांच्या गर्दीत तेथे चालणे आम्हा वयस्कर लोकांना फार अवघड जाते. कमाटी बागेच्या आसपास केवळ चालणाऱ्यांसाठी आधुनिक पूल बांधता येईल का? पुराचे आणि मगरींचे काय? (निवृत्त शिक्षिका, रावपुरा)

बाई, येथे पूल बांधता येईल. तो कसा असावा हे मात्र आपल्यासारख्या चालणाऱ्यांनी आणि विश्वामित्रीने ठरवले पाहिजे. दुसऱ्या शहरातील देखण्या पुलाचे चित्र समोर ठेवून ते ठरू नये.

अहमदाबादेशी तुलना येथे वारंवार होते, म्हणून तिचा विचार आधी करतो. साबरमतीचे पात्र रुंद आहे, दोन्ही तीर काँक्रीटच्या भिंतींनी बांधलेले आहेत, आणि वासणा बंधाऱ्यामुळे शहरातील पाण्याची पातळी वर्षाचा बराचसा काळ जवळजवळ स्थिर ठेवता येते. विश्वामित्रीचे तसे नाही. ती पावागडच्या डोंगरातून येते, शहरात वळणावळणाने फिरते, तिचे काठ मातीचे आणि ठिकठिकाणी कोतरांनी, म्हणजे घळींनी, फाटलेले आहेत. उन्हाळ्यात ती कमाटी बागेतून एखाद्या ओढ्यासारखी जाते, आणि पावसाळ्यात तिच्या स्वतःच्या पाणलोटाबरोबर आजवा सरोवराकडून येणारे पाणी मिळाले की काही तासांत काठ सोडते. काळ्या घोड्यापाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे; ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. सयाजीगंज आणि फतेगंज भागांत कोठवर पाणी आले होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून पहिला निर्णय उंचीचा. मानकाप्रमाणे ज्या नदीचा पूर सेकंदाला तीनशे ते तीन हजार घनमीटर या टप्प्यात येतो, तिच्यावरील पुलाचा तळ आखणीसाठी धरलेल्या कमाल पूरपातळीच्या निदान १.२ मीटर वर ठेवावा लागतो. विश्वामित्रीचे मोठे पूर याच टप्प्यातले आहेत. २०२४ चा पूर हिशेबात न धरता कोणी उंची ठरवली, तर ती आखणी परत पाठवावी. एवढे करूनही पाणी डेकपर्यंत पोहोचलेच तर काय, याचाही विचार हवा : कठडा जाळीदार असावा, म्हणजे वाहून येणारी झुडपे आणि जलपर्णी त्यात अडकून बांध तयार होणार नाही, आणि डेक खांबांवर नुसता टेकलेला नसावा, तो उचलला जाणार नाही असा बांधून ठेवलेला असावा.

दुसरा निर्णय खांबांचा. मही किंवा नर्मदेसारखे विश्वामित्रीचे पात्र रुंद नाही, तेव्हा सर्वेक्षणात जमत असेल तर एका काठावरून दुसऱ्या काठावर एकाच गाळ्यात जाणारी पोलादी ट्रस (त्रिकोणांत जोडलेल्या पोलादी दांड्यांचा सांगाडा) किंवा कमान मी निवडीन. त्याला दोन कारणे आहेत. पाण्यात खांब नसले की पुराला अडथळा होत नाही आणि पायाशेजारची माती खणली जात नाही. दुसरे कारण मगरींचे. शहरातून वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी राहतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. मगरी उन्हासाठी आणि अंडी घालण्यासाठी याच मातीच्या उतारांवर येतात. उन्हाळ्याच्या आरंभी अंडी घातली जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर येतात. म्हणजे पूल बांधणाऱ्याला काम सर्वांत सोयीचे वाटते तोच काळ त्यांच्या घरट्यांचा असतो. त्यामुळे पाया उताराच्या बराच मागे, वरच्या सपाटीवर घ्यावा, काठावरचे काम हिवाळ्यात उरकावे, आणि दिवे कठड्याच्या आत खाली वळवलेले असावेत, जेणेकरून उजेड डेकवर पडेल आणि पाण्यावर पडणार नाही. रंगीत प्रकाशझोतांची हौस येथे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मगरी वर चढून येतील ही भीती मात्र मनातून काढून टाका. धोका असलाच तर तो लोकांनी पुलाखाली उतरण्याचा आहे, आणि त्यासाठी दोन्ही टोकांना काठाकडे जाणारी वाट कुंपणाने बंद ठेवणे पुरेसे आहे.

ट्रसचा आणखी एक गुण लंडनच्या अनुभवाशी जोडलेला आहे. ती मुळातच आडव्या दिशेने ताठ असते. तीन-चार मीटर रुंदीची, नीट आखलेली ट्रस आडव्या डोलाच्या त्या टप्प्यातून सहसा बाहेर राहते आणि डॅम्परांवर खर्च करावा लागत नाही. तरीही गणेश विसर्जनाची किंवा उत्तरायणाची गर्दी धरून कंपनाची तपासणी झालीच पाहिजे आणि खुला करण्यापूर्वी माणसांना चालवून मोजमाप घेतले पाहिजे.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा, म्हणजे चढ. पूर टाळण्यासाठी डेक उंच गेला की तेथवर पोहोचणे वयस्करांना कठीण होते. समजा, डेक रस्त्यापेक्षा चार मीटर उंच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार जास्तीत जास्त बारास एक ठेवता येतो, म्हणजे ४८ मीटर लांबीचा चढ. त्यात दर नऊ मीटरला दीड मीटरची सपाट विश्रांतीची जागा धरली तर एका बाजूला ५५ मीटरच्या आसपास जागा लागते. काळ्या घोड्याजवळच्या चौकात ती मिळणार नाही, बागेच्या सपाटीवर मात्र मिळू शकते. म्हणूनच जागा निवडताना नदीचे अरुंद ठिकाण शोधण्याआधी दोन्ही टोके कोठे उतरतात ते पाहिले पाहिजे. लिफ्ट लावू, असे कोणी सांगितले तर तिच्यावर विसंबू नये. व्हेनिसच्या त्या पुलाला अपंगांसाठी नंतर जोडलेली सरकती कोठी धड चालली नाही आणि शेवटी काढून टाकावी लागली. आपल्याला रोज स्टेशनला जायचे आहे, आणि जो पूल अर्ध्या किलोमीटरच्या वळशाने गाठावा लागतो त्यावरून रोज जाणारा माणूस जात नाही. तो पूल रविवारच्या फिरायला येणाऱ्यांचा होतो.

याच कारणासाठी नव्या पुलाच्या मागणीबरोबर आणखी एक मागणी आपण करावी, असे मी सुचवतो. सध्याच्या पुलालगत, त्याच पातळीवर, स्वतःच्या खांबांवर उभा असा तीन मीटरचा पदपथ जोडता येईल का, याची तपासणी महापालिकेने आधी करावी. त्याला वेगळा चढ लागणार नाही आणि आपली वाटही बदलणार नाही. मोठ्या पुरात सध्याच्या पुलाइतकाच तोही बंद राहील, आणि वर्षातले ते थोडे दिवस सोडले तर बाकी सर्व दिवस तो आपल्या उपयोगी पडेल. ही तपासणी होऊन तो शक्य नाही असे ठरले, तर बागेच्या बाजूच्या स्वतंत्र पुलाचा विचार करावा.

दोन्हींपैकी काहीही झाले तरी निविदेत एक बाब प्रारंभापासून असावी : दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर जोड, बेअरिंग, रंग आणि पाया यांची पाहणी, ठरावीक वर्षांनी भारचाचणी, आणि या सर्वांची नोंदवही जी कोणताही नागरिक मागून पाहू शकेल. ९ जुलै २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात पादऱ्याजवळ महीवरचा गंभीरा पूल तुटला आणि वाहने नदीत पडली. तो १९८५ चा, वाहनांचा पूल होता आणि त्याच्या अवस्थेविषयी लोकांनी आधीपासून तक्रारी केल्या होत्या. आपण अर्ज लिहाल तेव्हा पुलाच्या खर्चाच्या रकान्याशेजारी या पाहणीच्या खर्चाचा स्वतंत्र रकाना मागा, आणि तो पहिल्या पाच वर्षांपुरता न ठेवता पुलाच्या पूर्ण आयुष्यासाठी धरण्याचा आग्रह ठेवा. अर्जावर आपल्या परिसरातील रोज पायी जाणाऱ्यांच्या सह्या घ्या आणि ते कोणत्या वेळी, कोठून कोठे जातात हेही त्यात लिहा. जागा ठरवताना अभियंत्याला त्या माहितीचा सर्वांत अधिक उपयोग होईल.